पुढं निघून गेलेलं तबक

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या मागं एक कडुनिंब आहे. प्लॉट पाडताना बिल्डरनं तो का ठेवला, कोण जाणे. कुंपणाच्या रेषेत आला म्हणून वाचला असेल. मार्च सरत आला की त्याला मोहर येतो, आणि सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याबरोबर त्याचा वास भांड्यांवर, ओट्यावर, माझ्या ओल्या हातांवर पसरतो. कोवळा, मधाळ, किंचित झोपाळू असा तो वास. खालच्या मजल्यावरच्या बाई तर खास त्यासाठी अंगणात खुर्ची टाकून बसतात, आणि मला वर पाहून म्हणतात, "काय सुंदर वास सुटलाय नाही?" मी मान हलवते आणि खिडकी लावून घेते. पाच वर्षं झाली, मोहराच्या दिवसांत मी ती खिडकी लावूनच घेते.

आमच्या चर्चच्या आवारातही निंब आहेत, जुने, रुंद बुंध्याचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आणि निंबाचा मोहर सोलापुरात जवळपास बरोबरच येतात. दगडी भिंती, उंच छत, त्यावरून लांब दांड्यांनी लोंबणारे पंखे, आणि उघड्या दारांतून आत येऊन बाकांवर, गीतांच्या पुस्तकांवर भुरभुरणारा तो पांढुरका मोहर. माझ्या पेटीवरही तो पडायचा. मी पट्ट्यांवर हळूच फुंकर मारायची, भाता उघडायची आणि पहिला सूर धरायची. मागं दोनशे माणसं उभी राहायची. बावीस वर्षं मी त्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, पेटी वाजवली. माणसाला आपलं घर कुठं आहे असं विचारलं तर तो पत्ता सांगतो. मला विचारलं असतं तर मी त्या पेटीसमोरचं लाकडी स्टूल दाखवलं असतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळं मंडळीत लहानथोर सगळे मला 'बाई'च म्हणत. नवरा लवकर गेला. पदरात एकच लेक. तिला घेऊन मी दर रविवारी चालत देवळात जायची, आणि ती पेटीच्या पायाशी बसून मोहर गोळा करायची. पुढं ती नर्स झाली. आणि एका संध्याकाळी, मी पोळ्या लाटत असताना, तिनं फ्रीजला टेकून सांगितलं, "मम्मी, मी लग्न ठरवलंय. तो वीज कंपनीत आहे. बौद्ध आहे. आम्ही रजिस्टर लग्न करणार. धर्म कुणीच बदलणार नाही."

इथं मला खरं सांगायला हवं, कारण पुढं मी इतरांवर जे कोरडे ओढणार आहे त्यांतला पहिला माझ्या पाठीवर पडायला हवा. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग या घरातून नवरी होऊन जायचं नाही." आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिनं वाढलेलं ताट मी बाजूला सारलं. नवव्या दिवशी ती ड्यूटीवरून आली, बूट न काढताच दारात बसली आणि म्हणाली, "तू मला नको म्हणालीस ना मम्मी, तर मला दुसरं कुणी नाही." एवढंच. मी तिला उठवून आत घेतलं. लग्नाला गेले, रजिस्टरच्या वहीवर साक्षीदार म्हणून सही केली. त्या सहीचा मला आजवर एकदाही पस्तावा झालेला नाही. पस्तावा त्या आठ दिवसांचा आहे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी, उपासना संपल्यावर, मला वेदीमागच्या छोट्या खोलीत बोलावलं. पाळकसाहेब होते, कमिटीचे तीन पंच होते आणि सेक्रेटरी होते. सेक्रेटरी माझ्या नवऱ्याचे जिवलग मित्र. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभे राहिलेले धर्मपिता. त्यांच्याकडं देवळाच्या सगळ्या किल्ल्या असत, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता त्या जुडग्याकडं बघत एकेक किल्ली अंगठ्यानं पुढं सरकवायची त्यांना सवय होती.

"बसा बाई," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल कुणाची तक्रार न्हाय. प्रश्न साक्षीचा हाय."

"कुणाच्या?"

"मंडळीच्या. पेटीवर बसणारं माणूस सगळ्यांच्या नजरेपुढं असतं. तरुण पोरी बघतात. उद्या त्याबी म्हणतील, बाईंची लेक गेली, मग आमी का नको?"

"मग मी काय करायचं?"

"पुढच्या रविवारी मंडळीपुढं दोन वाक्यं बोलायची. झालं ते चुकलं, आणि पोरगी पश्चात्ताप करून परत येईपर्यंत तिचं-माझं येणंजाणं न्हाय. बास. पेटी तुमचीच हाय की."

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते डायरीची पानं उलटत होते, जणू माझ्यासाठीचं उत्तर पुढच्या कुठल्यातरी तारखेखाली लिहून ठेवलंय.

"ती तुमची धर्मलेक आहे," मी सेक्रेटरींना म्हणाले.

"म्हणूनच जास्त लागलंय."

"त्या मुलाचे पणजोबा मोहोळकडचे. तुमचेही तिकडचेच, त्याच गावचे. गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीत राहिलेली माणसं. एक घर इकडं आलं, एक तिकडं गेलं. दोन्ही घरं एकाच अपमानातून उठून चालायला लागली होती. आज तुम्ही त्या घराला कमी लेखताय?"

किल्ल्यांचा आवाज थांबला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्या नजरेत मला जे दिसलं त्याला राग हा शब्द पुरणार नाही. जे झाकून ठेवण्यात माणसाचं आयुष्य गेलं, ते कुणी चारचौघांत उघडं करावं, तशी ती नजर होती.

"ते जुनं उकरू नका बाई."

"मग दोन वाक्यं मी बोलणार नाही."

"तर थोडे दिवस विश्रांती घ्या."

विश्रांती! माणसाला दाराबाहेर काढण्यासाठी इतका मऊ शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. आठवड्यानं त्यांचं पत्रही आलं. 'सेवेतून विश्रांती' असा विषय, आणि खाली चार ओळी. चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात. मी लाल पेन घेतलं, त्यातल्या सहा चुका दुरुस्त केल्या आणि पत्र कपाटात ठेवून दिलं. हसू नका. त्या दिवशी मला दुसरं काही करता आलं नाही.

तरी मी पुढच्या रविवारी गेले. पेटी कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली होती आणि सेक्रेटरींची सून नव्या कीबोर्डवर बसली होती. मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर आधी दोघी होत्या. त्यांतल्या एकीला पंख्याचा वारा लागू लागला आणि दुसरीला मागं कुणीतरी बोलावलं. सहा माणसांचा तो बाक माझा एकटीचा झाला. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. आमच्याकडं पंच तबक घेऊन बाकाबाकाशी येतात. पावाचे लहान चौकोनी तुकडे, मग द्राक्षरसाचे इवले पेले. पहिल्या बाकाला तबक फिरलं. मी हात पुढं केला. सेक्रेटरींचे पाय माझ्या बाकाशी आले, क्षणभर रेंगाळले आणि तबक पुढं निघून गेलं.

माझा हात तसाच राहिला. उघडा, वर वळलेला. तो मागं घ्यायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मागच्या बाकांवर पेल्यांची किणकिण चालू होती. कुणीही, दोनशे माणसांतल्या एकानंही, "बाई राहिल्या" असं म्हटलं नाही. त्यांतल्या निम्म्यांना मी बाराखडी शिकवली होती. मी उठले, मधल्या वाटेनं चालत बाहेर आले, आणि आवारात मोहराचा तो वास असा भसकन अंगावर आला, की मला निंबाला धरून उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना फोन केला. "मला भोजनातून वगळल्याचा कमिटीचा ठराव कुठाय?"

"ठराव असा काही नाही, बाई," ते म्हणाले. "चुकून राहून गेलं असेल."

त्यांचा मला सेक्रेटरींपेक्षा जास्त राग आला. सेक्रेटरींनी निदान आपल्या पायांनी पुढं जाऊन दाखवलं होतं. यांनी माझ्याकडं पाठही धड फिरवली नव्हती.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी देवळात पाऊल ठेवलं नाही. भाजीबाजारात ओळखीच्या बायका मला पाहून कोथिंबिरीच्या जुड्या निरखू लागत. एका नामकरणाचं बोलावणं शेजारच्या घरापर्यंत आलं आणि माझ्या घरावरून पुढं गेलं. पाळकसाहेबांची पत्नी एकदा केळी घेऊन आली. सोफ्याच्या कडेवर बसून तिनं मला सांगितलं की प्रभूलाही त्याच्या लोकांनी नाकारलं होतं, तेव्हा आपण मन मोठं करावं, क्षमा करावी, म्हणजे हलकं वाटतं. मी विचारलं, "त्या दिवशी तू कितव्या बाकावर होतीस?" ती म्हणाली, चौथ्या. "मग तुला माझा हात दिसला असेल." तिनं पदरानं चेहरा पुसला आणि निघाली. केळी मी कामवाल्या मावशींना देऊन टाकली.

आमच्यात झिडकारलेल्या माणसाला हेच औषध देतात. तुला लोकांनी लोटलं? प्रभूलाही लोटलं होतं. झालं. जणू त्याच्या जखमेवर बोट ठेवलं की आपली भरून येते. आणि ते सांगणारे बहुधा लोटणाऱ्यांच्याच रांगेत उभे असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी त्या वर्षी प्रार्थना सोडली नाही, पण माझ्या प्रार्थना ऐकण्यासारख्या नव्हत्या. सकाळी गुडघे टेकायची आणि सेक्रेटरींचं नाव घेऊन त्यांच्या गुडघ्यांना, त्यांच्या घराला, त्यांच्या किल्ल्यांना शाप द्यायची. अगदी स्वच्छ मराठीत, विरामचिन्हांसकट. कधी वाटायचं, वर कुणी ऐकत असेल तर कानांवर हात ठेवून बसला असेल. पण खोटी गोड प्रार्थना करण्यापेक्षा ती बरी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. येशूला त्याच्या स्वतःच्या गावानं कड्यावरून ढकलून द्यायला नेलं होतं. तो त्यांच्यामधून वाट काढून चालता झाला. 'तुमचंही बरोबर असेल' असं तो म्हणाला नाही, आणि त्यांनी नको म्हटलं म्हणून आपण नकोसे आहोत असंही त्यानं मानलं नाही. क्षमेचे धडे देणाऱ्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

मात्र मला हलवलं ते वेगळ्याच बाईनं, आणि तीही काही मायेनं नव्हे.

लेकीच्या सासरी मी तोवर दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा उंबऱ्यातूनच परतल्यासारखी. विहीणबाई अंगणवाडी सेविका. नवरा नाही, दोन पोरं एकटीनं वाढवलेली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लेक-जावई कामावर होते. विहीणबाई सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "तुमाला चर्चमदनं काडलं म्हनं, आमच्यापायी."

"काढलं असं नाही, पण..."

"पोरीसाठी लई सोसलं, असं सांगताय म्हनं सगळ्यास्नी. मला येक सांगा बाई. आमचं पोरगं म्हंजी काय रोग हाय व्हय? त्येला जावई केला म्हनून तुमी सोसलं, आन् आता आमी तुमचं उपकार मानायचं?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"म्हनाय कशाला पायजे? तोंडावर दिसतंय की. येताय तवा असं तोंड करून येताय, जसं काय मयताला आलाय."

उठून जावं असं वाटलं. पण उठले नाही, कारण बाई खोटं बोलत नव्हती. वर्षभर मी माझ्या दुखण्याला कुरवाळत होते, आणि त्या दुखण्याचं कारण म्हणून दर वेळी या घराकडं बोट जात होतं, हे मला दिसलंच नव्हतं. सेक्रेटरींनी जे उघडपणे केलं, ते मी चेहऱ्यानं करत होते.

सूप पुन्हा हलू लागलं. पाखडतापाखडता त्याच म्हणाल्या, "आमची भावकीबी आली न्हाय लग्नाला. किरिस्तावाची केली म्हनून. एक जन म्हनला, विहारात आता मागं बसत जा. मी म्हनलं, हितं मी कुनाला इचारून बसले न्हवते, तवा कुनी सांगून उटनार न्हाय. बसते की अजून पयल्या रांगेत. तुमी का उटलात?"

मी निघाले तेव्हा त्यांनी मला जेवायचा आग्रह केला नाही, मीही थांबले नाही. रिक्षानं घरी येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेली होते, आणि घरी पोचल्यावर मी देवळात नेसायची इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवली.

पुढच्याच महिन्याचा पहिला रविवार. लेक म्हणाली, मी येते बरोबर. मी नको म्हटलं. हे भांडण तिच्या लग्नाचं राहिलेलं नव्हतं, ते माझं होतं. मी दुसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला बसले. मागं कुजबूज झाली ती मानेवर जाणवली. भोजनाची वेळ झाली. सेक्रेटरी तबक घेऊन आले, मला पाहून त्यांचा चेहरा ताणला, आणि पाय पुन्हा पुढं पडू लागले. मी उभी राहिले आणि तबकाच्या कडेवर हात ठेवला.

"थांबा."

"बाई, तमाशा करू नका," ते दातांतल्या दातांत म्हणाले. "बसा खाली."

"हे जेवण तुमच्या घरचं नाही," मी म्हणाले. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण शाळेतला आवाज. शेवटच्या बाकापर्यंत गेला. "ज्याच्या घरचं आहे त्यानं मला उठवलेलं नाही."

मी पावाचा तुकडा उचलला. त्याच वेळी त्यांनी तबक मागं ओढलं, ते कललं, आणि बरेचसे तुकडे फरशीवर सांडले. कीबोर्ड थांबला. सत्तरीचा तो माणूस, ज्याच्या गुडघ्यांना मी वर्षभर शाप दिले होते, एका हातानं बाकाला धरून कष्टानं खाली बसला आणि एकेक तुकडा वेचू लागला. काही माझ्या चपलांपाशी होते. मला वाकता आलं असतं. दोन पावलांचंही अंतर नव्हतं. मी वाकले नाही. तोंडात प्रभूची भाकर घेऊन मी ताठ उभी राहिले, आणि त्यांना वेचताना वरून बघत राहिले.

त्या तुकड्याला काही चव लागली नाही. वर्षभर ज्याची भूक धरली तो घास मी हक्कानं मिळवला, आणि तो गिळायला मला पाणी हवं होतं.

त्याला आता चार वर्षं होतील. तबक माझ्या बाकाशी थांबतं. दुसरे पंच आणतात. माफी कुणी मागितली नाही, मीही नाही. पेटी मला परत दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही. बाकावर आता माझ्याशेजारी एकदोघी बसतात. विहीणबाई आणि मी भांडतभांडत बऱ्या ओळखीच्या झालो आहोत. त्या माझ्या तोंडावर बोलतात, मी त्यांच्या, आणि मागून बोलायला दोघींकडं काही उरत नाही. सेक्रेटरी किल्ल्या सोडून निवृत्त झाले. ते माझ्या मागं तीन बाक सोडून बसतात आणि गीताला उभं राहताना त्यांना कुणाचातरी आधार लागतो. त्या वेळी बाक करकरतो, तो आवाज मला ऐकू येतो. मी मागं वळून बघत नाही.

मला अजून त्यांचा राग येतो. वय झालं की माणूस निवळतं असं मला वाटायचं. तसं काही झालेलं नाही. माझा राग गेला असं मी देवापुढं म्हटलं, तर ते त्या 'विश्रांती'सारखंच होईल. फक्त सकाळच्या प्रार्थनेत एक फरक पडला आहे. आधी त्यांचं नाव घेतलं की पाठोपाठ शाप यायचा. मग कितीतरी महिने मी ते नावच गाळत होते. आता नाव येतं. त्यानंतर क्षमेचं जे म्हणायला हवं ते मला ठाऊक आहे, रविवारच्या शाळेत मी तेच मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे. पण ते माझ्या तोंडून अजून निघत नाही. मी नाव घेते, थोडी थांबते, तेवढी जागा मोकळी ठेवते, आणि मग पुढच्या माणसाचं नाव घेते.